मी पेटी का घेतली नाही

लग्नात माझ्या वडिलांनी मला भांडीकुंडी दिली, दोन लुगडी दिली आणि आपली बाजाची पेटी दिली. ती पेटी मूळची एका नाटक कंपनीची. कंपनी सोनपेठला मुक्कामाला आली आणि तिथेच बुडाली. पडदे, कनाती, लाकडी तलवारी असं सगळं विकून माणसं पांगली, तेव्हा त्यांच्या पेटीवाल्याने पेटी वडिलांना देऊन टाकली. वडील गावच्या भजनात वाजवायचे. घरी दार लावून मला शिकवायचे. दार लावायचं ते आईमुळे. कुणब्याच्या घरातली पोरगी पेटी वाजवते म्हटल्यावर स्थळ कुठून येणार, ही तिची धास्ती.

स्थळ आलं, आणि चांगलं आलं. पालमजवळच्या खेड्यातलं जमीनजुमल्याचं घर, मुलगा उर्दूतून वकिली शिकून परभणीला नुकता बसलेला. पोलीस ॲक्शन होऊन वर्ष-दोन वर्षंच झाली होती. कचेऱ्यांतली भाषा बदलायला लागली होती, आणि यजमान रोज सकाळी मराठी अर्जाचा मसुदा मोठ्याने वाचून जीभ वळवायचे.

सासरी पहिल्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पेटीचं झाकण उघडून आत पाहिलं.

"ह्यात कपडे कुठं ठिवायचे?"

"आत्याबाई, ही वाजवायची पेटी आहे."

"वाजवायची? कोन वाजिवणार?"

यजमान हसत म्हणाले, "वाजवू दे की. परभणीत कोण बघायलंय?" त्यांचं ते हसणं मला त्या दिवशी फार आवडलं होतं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

परभणीत आमच्या दोन खोल्या आणि एक ओसरी. दुपारी यजमान कोर्टात गेले की मी पेटी काढायची. एकहेरी सुरांची, साधी पेटी. भात्याला दोन ठिकाणी कातड्याची ठिगळं. वरच्या सप्तकातली एक पट्टी पावसाळ्यात फुगून अडकायची, तेव्हा बोटाने उचलून घ्यावी लागायची. आवाज बारीक होता, पण खरा होता.

आवाज ऐकून गल्लीच्या तोंडाशी राहणारी शिंपीण मावशी यायला लागली. ती विधवा होती, पोलकी शिवून पोट भरायची, आणि तिचा गळा इतका मोठा होता की ती ओसरीत गायली तर विहिरीवरच्या बायका माना वळवायच्या. तिला अभंग पाठ होते, सुराचं भान मात्र ती फारसं ठेवायची नाही. सुरुवात उंच करायची आणि शेवटी तिचा तिलाच स्वर झेपायचा नाही. मग आमचं भांडण. "खाली घ्या मावशी." "खाली घेतल्यावर देवाला ऐकू जाईल का?" अशी आमची दुपार जायची. संसारात मला त्या दुपारींइतकं दुसरं काहीही स्वतःचं वाटलं नाही.

यजमानांची हौस कॅमेऱ्याची. आधी बॉक्स कॅमेरा आला. त्यात ढगाळ दिवशी फोटो येत नाही म्हणून घडीचा कॅमेरा आला. तो हातात हलतो म्हणून तीन पायांची घोडी आली. उन्हाची मोजणी करायचं एक यंत्र आलं, त्याला चामड्याची पिशवी आली, पिशवीला पट्टा आला. कोर्टातले दोघे-तिघे हौशी वकील रविवारी आमच्या ओसरीत जमायचे आणि भिंगांविषयी बोलायचे. चहा मी करायची. बोलणं दुपारपर्यंत चालायचं, पण त्या बोलण्यात कुणी काढलेल्या एखाद्या फोटोचं नाव निघालेलं मी ऐकलं नाही. एकदा ही मंडळी येलदरीकडे पूर्णेचं पात्र बघायला मोटार करून गेली. घोडी नेली, पिशव्या नेल्या, दशम्या-चटणी नेली, आणि रोल घरी कोनाड्यात राहिला. परत आल्यावर यजमानांनी तो किस्सा मजेने सगळ्यांना सांगितला. माझ्या वडिलांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. ते आमच्याकडे आठ-आठ दिवस राहून जायचे, ओसरीत त्याच कॅमेऱ्यांच्या शेजारी बसून माझं वाजवणं ऐकायचे. "नवं भिंग आलं की मामांचा नीट फोटो काढू," असं यजमान म्हणायचे. भिंग आलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात वडील गेले.

ह्या गोष्टीचा राग माझ्यातून अजून गेलेला नाही आणि मी तो घालवायला बसलेलीही नाही.

तर अशा माणसाने मला नव्या पेटीचं वेड लावलं. तेव्हा वरचं कोर्ट हैदराबादला होतं. एका जमिनीच्या दाव्यासाठी त्यांना जायचं होतं, मलाही घेऊन गेले. काम उरकल्यावर म्हणाले, "चल, तुला एक दुकान दाखवतो." दुकान पेट्यांचं, तंबोऱ्यांचं होतं. म्हातारे मियाँ गादीवर बसलेले. त्यांनी मला एक पेटी पुढे करून दिली आणि म्हणाले, "बजाके देखो बेटी, हात लगाने के पैसे नहीं लगते."

दुहेरी सुरांची पेटी होती. एक पट्टी दाबली की खालच्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दबायची, आणि एका बोटाने दोन पेट्या वाजल्यासारखा भरदार आवाज यायचा. भाता इतका हलका की श्वास घेतल्यासारखा. मी भूप वाजवला. आपणच वाजवतोय हे खरं वाटेना. दुकानातली दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली. यजमान माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठा आनंद होता.

"कापसाचे पैसे आले की घेऊन टाकू," ते बाहेर आल्यावर म्हणाले. "तुझी ती जुनी म्हणजे शेळी ओरडल्यागत वाजते. आणि घरात दोघांचीही हौस झाली म्हणजे मला कुणी बोलणार नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी गमतीत म्हटलं होतं. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही. गाडीत परभणी येईपर्यंत मी डोळे मिटून तो आवाज ऐकत होते.

घरी आल्यावर पहिल्याच दुपारी मी माझी पेटी काढली, दोन ओळी वाजवल्या आणि झाकण लावलं. खरंच शेळी ओरडल्यासारखी वाटली. इतकी वर्षं वाजवत होते, कधी वाटली नव्हती. त्या एका वाक्याने माझ्या कानात काय घालून ठेवलं कोण जाणे.

मग मी वाट बघायला लागले. नवी पेटी ओसरीत ठेवायची की आतल्या खोलीत, ह्याचा विचार करायची. तिला गवसणी शिवायची म्हणून मावशीकडून खणाचे तुकडे मागून आणले. नवी आल्यावर अमुक राग नीट बसवू, तमुक भजन तिच्यावर शोभेल, असं मनात चालायचं. हे सगळं इतकं गोड होतं की वाजवायची गरजच वाटेना. पावसाळा गेला, दसरा गेला. पेटीवर मी धुतलेल्या गोधड्या ठेवायला लागले.

मावशी यायची, ओसरीत बसायची. मी म्हणायची, "थोडं थांबा मावशी, नवी येणार आहे. मग बघा." ती पहिल्यांदा हसली. मग तिचं येणं कमी झालं. दिवाळीनंतर एका दुपारी ती आली ती उभ्या उभ्याच.

"तुजी पेटी आजारी हाय का?"

"नाही मावशी, पण आता..."

"मग तुजी बोटं आजारी हायेत का?"

"अहो, नवी येतेय म्हणून..."

"कवाची येतेय? मी काय नव्या पेटीसाठी यायलेय का तुज्याकडं? दिवसभर त्या मशीनवर मान मोडायलेय, दुपारचं येऊन दोन अभंग म्हणावं म्हनून यायलेय. तू मला थांब, थांब करायलीस. मी तुजी गिऱ्हाईक न्हाई, बाई." आणि ती निघून गेली.

मला भयंकर राग आला. कोण ही शिंपीण, मला बोलणारी! भांडी आदळत मी स्वयंपाकघरात फिरत राहिले. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाकडून तिचं गाणं ऐकू आलं. मशीन चालवता चालवता ती एकटीच गात होती. नेहमीसारखं उंच धरून, नेहमीसारखा शेवटी स्वर सोडून. तिला थांबायला सांगणारं कुणी नव्हतं, आणि ती गात होती. मी मात्र घरात पेटी असून गोधड्यांच्या घड्या घालत होते.

मग माझा राग तिच्यावरून उठून भलतीकडेच गेला. मला माझ्या ओसरीतले ते रविवार दिसले. भिंगांवर बोलणारे ते वकील दिसले. मी त्यांच्यातलीच झाले होते. चहा तेवढा स्वतःच करून पीत होते, इतकाच फरक. मी गोधड्या जमिनीवर फेकल्या, पेटी ओढून काढली आणि बोटं दुखेपर्यंत वाजवत बसले. वाईट वाजलं. महिनोन् महिने न वाजवल्यावर दुसरं काय होणार. पण वाईट वाजलं ते माझ्यामुळे, पेटीमुळे नव्हे, आणि हे कळल्यावर मला हायसं वाटलं.

संध्याकाळी यजमान आल्यावर मी म्हटलं, "नवी पेटी नको."

ते जोडे काढता काढता थांबले. "का? पैसे आलेत की. उद्याच कळवतो दुकानात."

"नको. मला वाजवायचंय. ती येणार म्हणून माझं वाजवणंच थांबलं. ती आल्यावर आणखी काहीतरी येणार म्हणून थांबेल."

"म्हणजे माझ्या कॅमेऱ्याची हौस तुला खुपते, सरळ सांग ना."

"तुमचा कॅमेरा तुम्ही जाणा. मी माझ्या पेटीचं बोलतेय."

त्यांना पटलं नाही, पण जेवताना ते म्हणाले, "बरं. तुझी मर्जी." मला वाटलं, संपलं.

कुठलं संपतंय! पंधरा-वीस दिवसांत हैदराबादहून एक खोकं आलं. लहानाचा फोटो मोठा करायचं यंत्र, एन्लार्जर. पेटीचे पैसे नुसते पडून होते म्हणून मागवलं, असं मला सांगण्यात आलं. ते यंत्र विजेच्या दिव्यावर चालायचं, आणि आमच्या गल्लीत वीज यायची होती. "आज ना उद्या येणारच," यजमान म्हणाले. खोकं माझ्या कोठीच्या खोलीत, ज्वारीच्या कणगीशेजारी जाऊन बसलं.

त्याहून वाईट गोष्ट पालमकडे, सासरी चालली होती. कापसाचा पैसा सगळ्या घराचा, त्यामुळे पेटीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पेटी का आली नाही हे विचारलं गेलं, आणि यजमानांनी सांगून टाकलं की तिने घरासाठी आपली हौस मारली. यंत्राचं त्यांनी काही सांगितलं नाही. पौषात हुरड्याला आम्ही गावी गेलो तोवर मी त्या घरात देवी झाले होते. आत्याबाईंनी मला जवळ बसवून माझ्या पाठीवरून हात फिरवला. पेटी घेऊन या, पाहुण्यांना भजन ऐकवू, असा थोरल्या दिरांचा निरोपही आला होता, म्हणून पेटी बरोबर होती. पहिल्या दिवशी जिला पेटी म्हणजे कपड्यांची ट्रंक वाटली, ती सासू आता पाहुण्यांना सांगत होती, "जुन्या पेटीवर भागिवती बगा. लय गुणाची."

शेतात आगटीभोवती सगळे बसलेले. गरम हुरडा, गूळ, लसणाची चटणी. पाहुणे, दीर, जावा, पोरंबाळं. थोरल्या जाऊबाईंना पाटल्या हव्या होत्या. लग्नात कबूल केलेल्या, दर सुगीला पुढे ढकललेल्या. त्यांनी हळूच विषय काढला असेल, मी ऐकलं नाही. थोरल्या दिरांचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

"वकिलीनबाईकडं बगा जरा! शिकलेली बाई, पण हौस मारली घरासाठी. आन् तुमाला पाटल्या पायजेत! जरा शिका तिच्यापसून."

जाऊबाईंनी मान खाली घातली. घालण्याआधी त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मी आयुष्यभर विसरणार नाही. माझ्याच हातून मार बसल्यासारखं त्या बघत होत्या.

माझ्या हातातलं कणीस मी खाली ठेवलं.

"मी हौस मारलेली नाही," मी म्हणाले.

सगळे हसले, त्यांना वाटलं मी विनयाने बोलतेय. "बगा, अजून मोठेपना घ्यायला तयार न्हाई," थोरले दीर म्हणाले.

"मोठेपणा नाही. मला पेटी हवी असती तर मी घेतली असती. माझ्या बांगड्या मोडून घेतली असती, तुम्हाला विचारलंही नसतं. मला नको झाली म्हणून घेतली नाही. त्यात घराचा काही संबंध नाही. आणि पेटी आली नाही म्हणून पैसेही वाचलेले नाहीत. त्यांचं यंत्र आलंय. ते विजेवर चालतं, आणि आमच्या गल्लीत वीज नाही. जाऊबाईंच्या पाटल्या कबूल केलेल्या आहेत, त्या द्या. मला मधे घालून त्यांना बोलू नका."

एक पाहुणा फस्सकन हसला. बाकी कुणी हसलं नाही. यजमान आगटीतल्या निखाऱ्यांकडे बघत राहिले. थोरले दीर उठून बैलांकडे निघून गेले. त्या दिवशी भजन झालं नाही.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी आत्याबाईंनी निकाल दिला. "ती पेटी हितंच ऱ्हाऊ द्या. समदं भांडण तिच्यापायी."

सकाळी गाडी जुंपली तेव्हा मी आत गेले आणि पेटीचं एक कडं धरून उचलायला लागले. जड होती. दुसरं कडं कुणीतरी धरलं. थोरल्या जाऊबाई होत्या. आम्ही दोघींनी ती अंगणातून नेली आणि गाडीत ठेवली. आत्याबाई ओसरीतून बघत होत्या. "तुमी आदीच बोलायचं होतं," एवढं जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. त्यात माया नव्हती, आणि ती असायचं कारणही नव्हतं.

मोटारीत कंडक्टर म्हणाला पेटी टपावर टाका. मी नाही म्हटलं. तो वाद घालायला लागला, तर मी त्याला असं काही बोलले की बिचाऱ्याने तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेला. परभणीपर्यंत पेटी माझ्या मांडीवर, पाय बधिर झालेले. यजमान शेजारी. गंगाखेड गेल्यावर ते बोलले.

"मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंस."

"तुम्ही मला सगळ्यांसमोर देवी केलंत, ते?"

"मी तुझं कौतुकच केलं होतं ना?"

"मी जे केलं नाही त्याचं कौतुक केलंत. आणि जे केलं ते तुम्हाला आजही कळलेलं नाही."

त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्यांनी मला त्रास द्यायचा म्हणून काही केलं नव्हतं. एखादी बाई एखादी वस्तू सोडते ती घरासाठी, नवऱ्यासाठी, पोरांसाठी. स्वतःच्या कामासाठी सोडते, हे त्यांच्या हिशेबातच बसत नव्हतं. पुरुषाने एखादी गोष्ट घेतली नाही तर तो त्याचा विचार असतो. बाईने घेतली नाही की तो त्याग होतो, आणि तो त्याग मग दुसऱ्या बायकांच्या डोक्यात हाणायला उपयोगी पडतो. मला त्या त्यागाचा उबग आलाय. माझी मुलं मोठी झाल्यावर तीही तेच सांगायला लागली: आईने आमच्यासाठी पेटी घेतली नाही. मी दर वेळी सांगते की नाही, तुमच्यासाठी नव्हे. ती प्रेमाने हसतात, आणि माझं डोकं फिरतं.

नवी पेटी मला नंतरही हवीशी वाटली. कुणी असं समजू नये की एकदा ठरवलं आणि मन शांत झालं. नांदेडला गेले की त्या तसल्या दुकानासमोर माझे पाय जड व्हायचे. दर वेळी नव्याने नाही म्हणावं लागायचं, आणि दर वेळी थोडं चिडूनच ते जमायचं. जाऊबाईंच्या पाटल्या दोन सुगींनंतर झाल्या. माझ्या बोलण्याने झाल्या असं मी म्हणत नाही. त्या वर्षी कापूस बरा होता.

गावाहून आले त्याच दिवशी दुपारी मी मावशीच्या दारात गेले. ती मशीनवर होती, वर बघेना.

"मावशी, चला."

"नवी आली का?"

"नाही. येणार पण नाही."

तिने पायाखालचं चाक थांबवलं, दाताने दोरा तोडला आणि पोलकं घडी करून बाजूला ठेवलं. ओसरीत येऊन बसली, पदर खोचला आणि पहिलीच ओळ इतकी उंच धरली की मला पट्टी सापडेना.

"खाली घ्या मावशी!" मी ओरडले.

"तूच वर घे," ती म्हणाली, आणि थांबली नाही.